पाणाड्याची काठी आणि न घेतलेली बोअर

माती परीक्षण करून मगच खत टाकणारा शेतकरीही बोअर घ्यायची वेळ आली की पाणाड्याला, म्हणजे हातात काठी धरून जमिनीखालचे पाणी शोधणाऱ्याला, बोलावतो. त्याला अंधश्रद्धाळू ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही, कारण त्याचा युक्तिवाद वरवर पाहता अनुभवावरच उभा असतो. पाणाड्याने जागा दाखवली, तिथे बोअर घेतली, पाणी लागले. ही तिन्ही विधाने खरी असू शकतात. मात्र त्या जागेपासून पन्नास फुटांवर बोअर घेतली असती तर काय झाले असते, हे कोणीच पाहिलेले नसते, आणि त्याशिवाय श्रेय काठीला द्यायचे की जमिनीला, हे ठरत नाही.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. यातले बरेचसे साठे आडवे पसरलेले असतात, पाणाडी सांगतो तशा बारीक ‘नाडी’सारखे नसतात. नाल्याकाठच्या सखल शेतात म्हणूनच अनेक ठिकाणी थोडेफार पाणी लागते. समजा, एखाद्या शिवारात दहापैकी सहा बोअरना एरवीही पाणी लागत असेल, तर तिथे पाणाड्याच्या दहापैकी सहा जागा बरोबर निघणे म्हणजे काहीच न करण्याइतके यश. शिवाय उतार, हिरवळ, शेजारच्या विहिरी हे सारे त्यालाही दिसतच असते.

काठी फिरते, हे मात्र खोटे नाही. बेचक्याची ओली फांदी दोन्ही मुठींत बाहेरच्या बाजूला ताणून धरली की ती अशा अस्थिर तोलावर येते की मनगट किंचित वळले तरी तिचे टोक झटक्याने खाली जाते. ही हालचाल धरणाऱ्याच्या नकळत होते. माणसाची नुसती अपेक्षाही स्नायूंना हलवू शकते, हे इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर याने १८५२ मध्येच मांडले होते. त्यामुळे बहुतेक पाणाडी प्रामाणिक असतात असे मी मानतो. (पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसाला जमिनीखालचे पाणी कळते, या समजुतीला तर काठीचाही आधार लागत नाही.)

याहून फसवी चूक शिकलेल्यांच्या हातून होते. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ दर वेळी जागा बदलून ठेवला जाई आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने त्याची जागा ओळखायची असे. सुमारे ५०० इच्छुकांतून निवडलेल्या ४३ जणांनी मिळून ८४३ प्रयत्न केले. बहुतेकांची कामगिरी निव्वळ योगायोगाहून वेगळी नव्हती, तरीही थोड्या जणांचे आकडे चांगले दिसतात म्हणून त्यांच्यात खरी शक्ती आहे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. कॅलिफोर्नियातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा त्या निवडक सहा जणांनाही आपलेच यश दुसऱ्या खेपेस टिकवता आलेले नाही, असे दिसले. खेळ संपल्यावर विजेते निवडायचे आणि मग ते जिंकले हाच पुरावा मानायचा, असा हा प्रकार होता. आपल्या गावातही नेमके हेच होते: पाणी लागलेल्या बोअरची गोष्ट चार गावांत पोहोचते आणि कोरड्या बोअरवर लोखंडी झाकण बसते.

कोरडी गेलेली बोअर पाणाड्याच्या खात्यावर सहसा जमाही होत नाही. मशीन दोन हात सरकले, झरा फिरला, अजून पन्नास फूट गेला असता तर लागलेच असते, अशी कारणे तयार असतात. अपयशाचे असे प्रत्येक रूप आधीच माफ करून ठेवलेला दावा कोणत्याही बोअरने खोटा ठरू शकत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी किती फुटांवर किती इंची पाणी लागेल, हे पाणाड्याकडून लिहून घ्यावे. मग त्याचे डोळे बांधून, थोडे गोल फिरवून, त्याच शेतात पुन्हा चालवावे आणि काठी पहिल्याच खुणेवर खाली जाते का ते पाहावे. याला मशीनचे भाडेही लागत नाही.