किनारीतली अर्धी बुट्टी

आमच्या शिलाईखोलीचा एक नियम आहे: कापड कापताना कूलर बंद. नागपूरच्या मे महिन्यात हा नियम पाळणं म्हणजे तपश्चर्याच. त्या दिवशी बाहेर 45 अंश होतं आणि मी नियम मोडला. संध्याकाळी सहाला काकू येणार होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं विमान होतं आणि त्यांच्या गोधडीवरच्या सात कापडी हिमकणांतला शेवटचा अजून कापायचा होता.

काकूंची ऑर्डर फेब्रुवारीतली. लेक कॅनडात, कॅलगरीला, तिला बाळ झालं. नातवासाठी गोधडी हवी, तीही बर्फाच्या नक्षीची. भरण आणि अस्तर तिकडेच घालून घेणार, कारण बॅगेत 23 किलोच नेता येतात. आम्ही द्यायचा तो फक्त वरचा पदर.

मी उत्साहात आठ पाकळ्यांचा नमुना काढून दाखवला होता. आपल्याकडे रांगोळी म्हणा, देवघरातलं कमळ म्हणा, आठाची सवय असते. काकू आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, बर्फाला आठ टोकं नसतात. पाणी गोठलं की त्याचे रेणू षटकोनातच बसतात. सहा काढ." मग त्यांनी मोबाइलवर विल्सन बेंटलेची छायाचित्रं दाखवली. हा अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी. 1885 साली त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला आणि पुढे असे पाच हजारांवर काढले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी, कोरल्यासारखी फुलं. ती बघूनच मी गडद निळं कापड घ्यायचं ठरवलं.

सहा टोकं म्हणजे 60 अंशांचे सहा त्रिकोण. पण तेवढ्यानं हिमकण होत नाही. मी कापड निवडताना दोन छोटे आरसे टेपनं जोडून 60 अंशांत उभे करते. मधल्या कापडाचं लगेच फूल दिसतं. यात एक फसगत आहे. आरसा कुठल्याही कापडाचं फूल करतो, शिवणारीला ते करता येत नाही. एकसारखे सहा त्रिकोण शेजारीशेजारी लावले, तर एकाची उजवी कड दुसऱ्याच्या डावीला भिडते. या दोन कडा एकमेकींचं प्रतिबिंब असल्या तरच नक्षी जुळते. म्हणजे बुट्टीच अशी हवी की मधोमध रेघ मारली तर दोन्ही अर्धी आरशातल्यासारखी निघतील. गांधीबागेत एका दुकानदारानं "एकदम सेम टू सेम" म्हणत मोरांची जोडी दाखवली होती. दोन्ही मोर एकाच दिशेला बघत होते.

शेवटी मिळालं ते झुंबरासारख्या बुट्टीचं कापड, निळ्यावर पांढरं. गिरणीत छपाईचा गोल साचा फिरतो, त्याचा एक फेरा साधारण 64 सेंटीमीटरांचा. या डिझाइनमध्ये एका फेऱ्यात बुट्टीच्या दोन ओळी होत्या, म्हणजे 32 सेंटीमीटरांना एक. पन्ह्यात तीन पूर्ण बुट्ट्या आणि दोन्ही किनारींना एकेक अर्धी. मी हिशेब केला: सात हिमकण, सहा त्रिकोण, 42 बुट्ट्या, चौदा ओळी. साडेचार मीटर घेतलं. जास्तीचं एक वीतही घेतलं नाही. काटकसरीचं भूत कधी मानगुटीवर बसेल सांगता येत नाही.

तर त्या दुपारी कूलर सुरू होता. त्रिकोणाच्या पारदर्शक साच्यावरची मधली रेघ बुट्टीच्या मध्यावर ठेवून मी खडूनं आखत होते. वाऱ्यानं कापड सरकलं असणार. मला कळलं नाही. सहा त्रिकोण कापले, तीन आणि तीन जोडले. (सगळे गोल फिरत जोडू नयेत. एकेकात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी सहांत तीन अंश होतात आणि मधोमध टोपीसारखा उंचवटा येतो. तीन-तीनाचे अर्धे करून कड सरळ करून घ्यायची, मग मधली लांब शिलाई.) मधली शिलाई घालण्याआधी दोन्ही अर्धे टेबलावर भिडवून बघितले, तर नक्षीतली पांढरी कडी चार ठिकाणी जुळत होती आणि एका त्रिकोणाच्या दोन्ही कडांना ठेचकाळली होती. तीन मिलिमीटर. ज्याला माहीत नाही त्याला दिसलं नसतं असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. पण तीन मिलिमीटरांनी झुंबराचं एक टोक अख्खं एका बाजूला गेलं होतं.

दुकानात फोन केला. "तो माल संपला, ताई. नवा लॉट येईल, पण रंग थोडा वेगळा राहील."

मी डोक्याला हात लावून बसले. मावशी कोपऱ्यात दुसऱ्या ऑर्डरची क्रॉसपट्टी काढत होत्या. त्या आमच्याकडे अकरा वर्षं आहेत आणि त्याआधी घरोघरच्या वाकळी शिवत.

"काहून वो ताई, झालं काय?"

सांगितलं. मावशी उठल्या आणि टेबलाखालची चिंध्यांची पिशवी उपसायला लागल्या. कडेच्या अर्ध्या बुट्ट्या मी कापून त्यातच टाकल्या होत्या. त्यांनी डाव्या किनारीची एक काढली, उजवीची एक काढली आणि दोन्ही माझ्यासमोर भिडवून ठेवल्या.

पूर्ण बुट्टी.

"साडीचे काठ असेच जोडतो न आपण," त्या म्हणाल्या.

मी महिनाभर हेच समजावत होते सगळ्यांना, की आरशाच्या रेघेवर दोन अर्धी असतात. आणि ती रेघ कापून पुन्हा जोडता येते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. छपाई बुट्टीच्या बरोबर मध्यावर संपत होती आणि पुढे बोटभर कोरी किनार होती, बारीक टोचे पडलेली. तीच शिलाईच्या दाबाला पुरली. मावशींनी आधी हातानं टाचलं, किनार घट्ट विणीची म्हणून तिला थोडे काप दिले, मग मी मशीन मारली. त्रिकोणाच्या दोन बाजू क्रॉसमध्ये, म्हणजे विणीला तिरप्या येतात, ओढल्या की वाढतात, म्हणून इस्त्री घासायची नाही, नुसती दाबायची. चुकलेला त्रिकोण उसवला, हा लावला. या वेळी कूलर बंद होता. घामाचा थेंब पांढऱ्यावर पडू नये म्हणून मावशींनी माझ्या कपाळाला चक्क चिंधी बांधली.

साडेपाचला सातवा षटकोन बाकीच्यांना जोडून झाला.

काकू सहाला दहा कमी असतानाच हजर. पदर टेबलावर पसरला, एक मधे आणि सहा भोवती. त्यांनी प्रत्येक हिमकणाची टोकं मोजली, शिक्षिकाच त्या. मग बोटं फिरवत फिरवत सातव्यावर थांबल्या.

"इथे काहीतरी कडक लागतंय."

मी मावशींकडे बघितलं. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मग मी सगळं सांगितलं, कूलरपासून. काकूंनी पदर उलटा केला, ती किनार चष्मा वर करून बघितली, सुलटा केला, पुन्हा जोड शोधायला लागल्या. डोळ्यांना सापडेना, बोटालाच सापडायची.

"हे तुम्ही केलंत?" त्यांनी मावशींना विचारलं.

"हाव."

काकूंनी फोन काढला आणि लेकीला दाखवायला त्या जोडाचे, समोरून आणि मागून, चार-पाच फोटो काढले. बाकीच्या सहा हिमकणांचा एकही नाही. ठरलेले पैसे दिले आणि गेल्या.

रात्री झोपताना माझा हिशेब सुरू झाला. चौदा ओळी, दोन किनारी, 28 अर्ध्या. दोन वापरल्या, उरल्या 26. म्हणजे 13 बुट्ट्या. दोन हिमकण आणि वर एक! सकाळी आल्याआल्या पिशवी उपसली, तर आत फक्त क्रॉसपट्टीचे तुकडे.

"त्या निळ्या ना? त्या मी कालच घरी नेल्या," मावशी म्हणाल्या. "तुम्ही तर टाकूनच दिल्या होत्या."