हँडब्रेक ओढलेली जीप सरकली तेव्हा

जुन्या जीपचं काम आलं की मी फोनवर आधी विचारतो, "गाडी उभी कुठं आहे?" आमचा भाग दारव्ह्याकडचा, सगळी काळी कापसाची जमीन. पावसाळ्यात या मातीवर जॅक लावला तर गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. म्हणून माझ्या गाडीत सागाच्या दोन जाड फळ्या, लोखंडी घोड्या आणि चाकांना लावायचे लाकडी गुटके कायम पडलेले असतात.

त्या दिवशी फोन होता एका ओळखीच्या काकांचा. पोळा तोंडावर आलेला. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची महिंद्राची सीजे-३बी आहे, उंच बॉनेटची. आत हरिकेन इंजिन, ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही उचलावं लागलं होतं. तक्रार अशी की डाव्या मागच्या चाकातून तेल येतं आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. एक्सलचं ऑईल सील, म्हणजे तेल ब्रेककडे जाऊ न देणारी रबरी कडी, गेलं, हे ऐकूनच कळलं. मी येईपर्यंत हात लावू नका म्हणून सांगितलं.

पोचलो तर पुतण्यानं चाक काढून ठेवलेलं. चाकाचा नट ज्यावर बसतो तो एक स्टडही तुटलेला. या जीपच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, सोडवायला पाना उजवीकडे फिरवायचा. त्यानं पाईप लावून डावीकडे जोर केला होता, म्हणजे नट आवळतच नेला. पण माझं लक्ष तिकडं नव्हतंच. अंगणाच्या उतरत्या फरशीवर, एका दगडावर ठेवलेल्या जॅकवर जीप उभी होती आणि पोरगा तिच्याखाली उताणा पडून तेल कुठून येतं ते पाहत होता.

"आधी बाहेर ये," मी म्हणालो.

"भाऊ, हँडब्रेक ओढेल हाये. गिअरमंदी बी टाकेल हाये."

"असू दे. बाहेर ये."

तो निघाला, कपडे झटकत उभा राहिला. मी गुटके आणायला वळलो तेवढ्यात काकांनी पान्यांची पेटी काढायला मागच्या फळक्यावर हात टेकला. जीप वीतभर पुढं सरकली, जॅक तिरपा झाला आणि ब्रेकचा ड्रम फरशीवर आदळला. आवाजानं गोठ्यातले बैल उठले. काका पुतण्याचा दंड धरून तसेच उभे. कोणी बोलेना.

थोड्या वेळानं पोरानंच विचारलं, "काहून हलली मंग?"

हे जुन्या जीपवाल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक आवळतो. या जीपमध्ये तो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या, मागच्या तोंडाशी, मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे थांबतो तो शाफ्ट, चाकं नाहीत. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा एक्सलमधला गिअरांचा गोळा, मोकळं होतं. खालचं चाक पुढं फिरतं, वरचं तितकंच उलटं. गिअरमध्ये टाकूनही फरक पडत नाही, कारण गिअरही शाफ्टच धरतो. फोर-व्हील लावली असती तर पुढच्या चाकांनी गाडी धरली असती, पण या जीपचा पुढचा शाफ्ट कधीच काढून ठेवलेला.

मग पुढच्या चाकांना दोन्हीकडून गुटके लावले. खाली फळी घालून डिफरन्शियलच्या गोळ्याला मधोमध जॅक दिला, स्प्रिंगच्या पाट्यांच्या शेजारी एक्सलखाली दोन घोड्या लावल्या, जॅक उतरवला आणि गाडी हलवून पाहिली. पोराला म्हटलं, उजवं चाक फिरव. त्यानं फिरवलं, तसा डावा ड्रम उलटा फिरला. मधला शाफ्ट जागचा हलला नाही. तीन-चारदा फिरवून पाहिलं त्यानं, मग खाली वाकून शाफ्टला हात लावून पाहिलं.

ड्रमच्या काठाला चीर गेली होती. बिडाचा ड्रम, त्याला वेल्डिंग मारून गाडी रस्त्यावर सोडणं मला मान्य नाही.

ड्रम काढणंही सोपं नसतं. या जुन्या एक्सलचं टोक निमुळतं, चाक ज्यावर बसतं तो हब त्यावर चावीनं, म्हणजे खाचेतल्या लोखंडी पट्टीनं, घट्ट बसलेला. हब ओढून काढायचा पुलर आवळून त्याच्या मधल्या बोल्टवर घण मारावा लागतो आणि सुटतो तेव्हा तोफेसारखा सुटतो. म्हणून एक्सलचा नट पूर्ण काढायचा नाही, चार आट्यांवर ठेवायचा.

सील यवतमाळला बेअरिंगच्या दुकानात मिळालं. गाडीचं नाव सांगून सील मागू नये. जुनं सील झिजलेलं असतं, म्हणून ते बसतं ते भोक आणि शाफ्टची जाडी व्हर्नियरनं मोजून न्यावी. स्टडला वेळ लागला नाही. ड्रमनं मात्र दमवलं. नागपूरच्या दुकानांत "जीपचा ड्रम" म्हटलं की नंतरच्या मोठ्या गाड्यांचा काढून देतात. मला हवा होता ९ इंची, पाच भोकांचा, भोकांचं वर्तुळ साडेपाच इंचाचं. हरियाणातल्या डबवालीला जीपचं सामान भरपूर असतं, दिल्लीच्या काश्मिरी गेटलाही, पण फोटोवरून ड्रम घ्यायचा तर आतली झीज कशी कळणार? शेवटी अमरावतीला एका भंगारवाल्याकडे जुन्या जीपचा एक्सल पडलेला सापडला. ड्रम वाजवून पाहिला, स्वच्छ वाजला. लेथवर आतून साफ केला. ९ इंचावर साठ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पुढं गेला असता तर टाकून दिला असता, पण बराच आत होता. उजव्या बाजूचाही त्याच मापाला आणला, नाहीतर गाडी पुन्हा एकीकडे ओढते.

तेलानं भिजलेले ब्रेकचे लायनर बदलले, एक्सलची ढील शिमनं, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, जुळवली. काकांना सांगितलं, थोडी चालवून परत आणा, निमुळता हब बसला की नट ढिला पडतो. पुतण्याच घेऊन आला. मी पाना लावला तर नट जवळजवळ पाव फेरा आत गेला. नवी स्प्लिट पिन घालून मी तिचे पाय वळवले.