व्हिसावर लिहिलेलं काम

आमची शाखा नेमकं करते काय, असं कुणी विचारलं की मी जरा सावधपणे उत्तर देते. संयुक्त राष्ट्रांच्या कामामागे सामान्य लोकांचं बळ असावं म्हणून देशोदेशी स्वयंसेवी संघटना आहेत. 24 ऑक्टोबर 1945 ला सनद लागू झाली आणि वर्षाच्या आत, 1946 च्या ऑगस्टमध्ये, या संघटनांचा जागतिक महासंघ लक्झेंबर्गला उभा राहिला. ऐकायला भारदस्त आहे. कोल्हापुरात त्याच विचाराने चालणारी आमची शाखा म्हणजे निवृत्त मास्तर-बाई, बँकेतून सुटलेले एक काका, दोन वकील आणि प्रमाणपत्राच्या आशेने येणारी कॉलेजची मुलं. 24 ऑक्टोबरला व्याख्यान, 10 डिसेंबरला मानवी हक्क दिनाची निबंध स्पर्धा, आणि मधे कधीतरी मुलांना घेऊन वळिवड्याला चक्कर. दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, तिथल्या कॅम्पात राहिले होते, हे अजूनही निम्म्या कोल्हापूरला माहीत नाही. मी चिटणीस. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे आमसभा, सुरक्षा परिषद आणि विश्वस्त मंडळ झोपेतही सांगेन.

तो रविवार निबंध स्पर्धेच्या आधीचा होता. दसरा चौकापासून जवळच एका सदस्याच्या घराच्या माडीवर आम्ही जमतो. चषक द्यायचा की पुस्तकं, यावर वकील आणि बँकवाले काका हमरीतुमरीवर आले होते. तेवढ्यात आमच्यातला एक कॉलेजचा मुलगा दोन बायकांना घेऊन वर आला. त्याच्याच गावच्या, कागल तालुक्यातल्या. सासू आणि सून. सासूच्या हातात दुकानातली पिशवी, तिच्यात कागदं.

"बाई, माझं पोरगं सौदीला अडकलंय वो," सासू म्हणाली. "डायवर म्हणून न्हेलं आणि वाळवंटात मेंढरं राखाय सोडलंय. रातभर मी झोपलो न्हाई."

सुनेने मोबाइल पुढे केला. व्हॉइस मेसेज होता. वारा आणि मेंढ्यांचं ओरडणं एवढं की शब्द गोळा करायला तीनदा ऐकावा लागला. पगार पहिल्या दोन महिन्यांचाच मिळाला. पासपोर्ट मालकाकडे. ठिकाण हफर अल बातिनच्या पुढे कुठेतरी, त्यालाही धड माहीत नाही. पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीवर फोन चार्ज होतो. आणि शेवटचं वाक्य: "आज रात्री टँकरवाल्यासोबत निघतोय. रियाधला पोचलो की बघू."

माडीवर क्षणभर कुणी बोललं नाही. मग सगळेच एकदम बोलू लागले.

आमचे थोरले वकील उत्साहाने उठले. त्यांना संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तोंडपाठ आहे. कलम 4, गुलामगिरीला बंदी. कलम 23, कामाचा न्याय्य मोबदला. कलम 13, कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परत येण्याचा हक्क. त्यांनी तिथल्या तिथे इंग्रजी अर्जाचा मसुदा सांगायला सुरुवात केली आणि एका मुलीने तो लॅपटॉपवर घेतला. मसुदा सुरेख होता. बँकवाले काका मात्र पिशवीतली कागदं टेबलावर मांडत बसले होते. ते म्हणाले, "साहेब, दूतावासातल्या माणसाला कलमं आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. त्याला पासपोर्ट नंबर द्या."

मला काकांचं पटलं. शिवाय पॅरिसमध्ये 10 डिसेंबर 1948 ला जाहीरनाम्यावर मतदान झालं तेव्हा 48 देश बाजूने, विरोधात कुणी नाही आणि आठ तटस्थ होते. त्या आठांत सौदी अरेबिया होता. (पोलंडही होता, हे मी वळिवड्याच्या सहलीत मुलांना सांगते तेव्हा ती चकित होतात.) तेव्हा सौदी मालकाला कलम 13 ऐकवून फार काही हाती लागणार नाही, एवढं कळण्यापुरतं नागरिकशास्त्र मला येत होतं.

कागदांमध्ये पासपोर्टची झेरॉक्स होती, विमानाचं तिकीट होतं, एजंटाने दिलेली आकडा नसलेली पावती होती आणि व्हिसाची प्रत. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, हातात आलेलाच नव्हता. व्हिसावर नाव इंग्रजीत, पण कामाचा रकाना अरबीत. बँकवाल्या काकांच्या ओळखीचे एक मौलवी मदरशात अरबी शिकवतात, जुने खातेदार. काकांनी फोन केला, ते अर्ध्या तासात स्कूटरवर आले, चहा नको म्हणाले, चष्मा बदलला आणि प्रत उजेडाकडे धरली. मालकाचं नाव त्यांनी वाचून दाखवलं, त्याचा क्रमांक वाचला, मग कामाच्या रकान्यावर थांबले.

"ड्रायव्हर नाही लिहिलंय. मेंढपाळ लिहिलंय."

परत वाचायला सांगितलं. परत तेच.

म्हणजे मालकाने फसवलंच नव्हतं, निदान या बाबतीत. त्याने मेंढपाळ मागवला होता आणि त्याला मेंढपाळ मिळाला होता. फसवणूक इथे झाली होती, आपल्याकडे, व्हिसा हातात देताना. सासूबाईंना हे समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्या रडल्या नाहीत, भडकल्या. "मेंढरंच राखायची हुती तर आमच्याकडं काय कमी हुती व्हय? म्हस इकून लाखाच्या वर भरलं त्या भाड्याला!"

ती रक्कम ऐकून धाकट्या वकिलीणबाईंनी मान हलवली. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. हा एजंट नोंदणीकृत नव्हताच. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती शिक्षिका म्हणून मला फार लागली. सौदीसारख्या ठराविक देशांत कामाला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाला सरकारच्या प्रवासी संरक्षकांची मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात करार तपासला जातो. हा मुलगा बारावी पास. त्याला मंजुरीची गरज नाही, म्हणून त्याचा करार कुणीच पाहिला नाही. नापास झाला असता तर कदाचित वाचला असता.

लिहिलेला मसुदा पुसावा लागला. 'ड्रायव्हर म्हणून नेऊन मेंढपाळ केलं' ही तक्रार मालकावर टिकली नसती. व्हिसा दाखवून त्याने ती पहिल्या मिनिटात उडवली असती, आणि मग बाकीचं खरंही कुणी ऐकलं नसतं. उरलं ते एवढं: पगार थकला, इकामा काढला नाही, पासपोर्ट अडकवून ठेवला. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असतो, तो मालकाने ठेवणं तिथल्या कायद्यातही बसत नाही. थोरले वकील थोडे हिरमुसले, पण तिन्ही मुद्दे त्यांनीच नीट बसवून दिले, आणि कलमं वगळून. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर पत्नीच्या नावाने तक्रार भरली. तक्रार क्रमांक आला.

पण क्रमांक आला म्हणून रात्रीचा टँकर थांबणार नव्हता.

इथे एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. आपल्याकडे रविवार म्हणजे सगळं बंद. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवार हा आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, आणि घड्याळ आपल्या अडीच तास मागे. आमचे दुपारचे साडेबारा म्हणजे रियाधचे सकाळचे दहा. दूतावासाचा फोन बऱ्याच वेळाने लागला. कामगारांचं काम पाहणाऱ्या विभागातल्या माणसाने हिंदीत, मल्याळी वळणाने, एकेक गोष्ट विचारली: पासपोर्ट नंबर, मालकाचं नाव, व्हिसा क्रमांक, मारहाण होते का, खायला मिळतं का, आजारी आहे का. सगळी उत्तरं टेबलावर होती. मग मी टँकरचं सांगितलं.

"मॅडम, उसको बोलो भागना नहीं," तो लगेच म्हणाला. "जान को खतरा हो तो अलग बात. नहीं तो बिलकुल नहीं."

कारण त्याने समजावून सांगितलं. कामगार निघून गेला की मालक 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची नोंद करतो. एकदा ती पडली की थकलेल्या पगाराचा विषय मागे पडतो, कामगार स्वतःच बेकायदा ठरतो, रस्त्यात पकडला गेला तर कोठडी. सौदीने मार्च 2021 मध्ये परदेशी कामगारांसाठी नियम सैल केले, मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची आणि देश सोडण्याची सोय केली, पण घरकामगार, खासगी ड्रायव्हर, शेतमजूर आणि मेंढपाळ यांना त्यातून वगळलं. म्हणजे आमचा मुलगा ड्रायव्हर ठरला काय नि मेंढपाळ ठरला काय, सोय त्याच्यासाठी नव्हतीच. "लोकेशन भेजो, हम कफील से बात करेंगे," असं म्हणून त्याने व्हॉट्सअॅप नंबर दिला. कफील म्हणजे मालक.

आता मुलाला गाठायचं. फोन बंद. तो चालू होणार संध्याकाळी, टँकर आल्यावर. म्हणजे ज्या गाडीतून पळायचं तीच गाडी आल्यावर. सुनेने मेसेज टाकून ठेवले, पण तो ते आधी ऐकेल की आधी गाडीत बसेल, कोण सांगणार? सगळे थांबले. कोल्हापुरात रविवारी दुपारी घरचं मटण सोडून माणसं माडीवर बसून राहिली, यावरून काय ते समजा. खालून मिसळ आली. सासूबाईंनी घासही घेतला नाही. चषकाचा विषय कुणी काढला नाही.

वकिलांनी मधेच एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, पळू नको म्हणून सांगायचा आपल्याला काय अधिकार? तिथं तो राहतोय, आपण नाही." प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, सांगायचं सगळं, ठरवायचं त्याने. अजूनही मला दुसरं उत्तर सुचत नाही.

आठच्या सुमाराला दोन निळ्या खुणा दिसल्या. सुनेने कॉल लावला. तो ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हता. "तुम्ही तिथं एसीत बसून सांगताय," असं काहीसं म्हणाला. माडीवर पंखाही धड नव्हता, पण ते असो. मी त्याला दूतावासाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, हुरूब म्हणजे काय तेही. तो म्हणाला, टँकरवाल्याने हुरूब ऐकलंय, तो म्हणतो काही होत नाही. मग सासूबाईंनी फोन घेतला.

"तुजा व्हिसाच मेंढराचा हाय बाळा. त्या एजंटानं आपल्याला गंडवलं. पळालास तर ते मोकळं आणि तू चोर. कागुद झालाय. नंबर आलाय. दम धर."

समोरून बराच वेळ फक्त वारा. मग त्याने एवढंच विचारलं, "नंबर खरा हाय न्हवं?" मुलीने तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट पाठवला. काही मिनिटांनी लोकेशनची पिन आली. ती तशीच रियाधला पुढे गेली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं वाट बघण्यातच गेलं. दूतावासाने मालकाशी बोलणं सुरू केलं. व्हिसासाठी घातलेले पैसे आधी परत द्या, असं मालकाचं म्हणणं. तिथल्या भारतीयांतले काही स्वयंसेवक दोनदा त्याला भेटून आले. त्यातल्या कुणाचाही चेहरा आम्ही पाहिलेला नाही. घासाघीस होऊन थकलेल्या पगारातला काही भाग बुडाला, काही मिळाला, पासपोर्ट मिळाला, आणि उसाचा हंगाम संपायच्या सुमाराला मुलगा परत आला. एजंटावर फसवणुकीचा गुन्हा दाखल आहे. व्हिसाची प्रत आणि मौलवींनी लिहून दिलेला अर्थ त्या फाइलमध्ये आहे. तारखा चालू आहेत, पैसे आलेले नाहीत.

मधल्या काळात माडीवर रविवारी कागदं घेऊन येणारे वाढले. कुणाचा भाऊ कुवेतला, कुणाचा नवरा मस्कतला. बहुतेकांना जाहीरनामा नको असतो, अर्ज भरून हवा असतो. थोरल्या वकिलांनी आता एक छापील फॉर्म केला आहे. त्यात वर पासपोर्ट नंबर आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, कलम 13. ते तेवढं त्यांनी सोडलं नाही.

आणि तो मुलगा? गेल्या गणपतीनंतर तो स्वतःच माडीवर आला. अंगाने भरला होता. दुबईत ड्रायव्हरची जागा आहे, म्हणाला, एजंट मुंबईचा आहे. मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. त्याने खिशातून एजंटाचं कार्ड काढलं आणि म्हणाला, "बाई, ह्याचा नोंदणी नंबर तेवढा बघून सांगा. आणि व्हिसा आल्यावर मौलवीसाहेबांना दाखवूनच सही करणार."

जाऊ नको म्हणावंसं वाटलं. पण देश सोडण्याचा हक्कही त्याच तेराव्या कलमात आहे आणि म्हशीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. मी परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीत नंबर घातला. एजंट यादीत होता, परवान्याची मुदतही शिल्लक होती. फी किती सांगितली, ते विचारलं. पन्नास हजार म्हणाला. म्हटलं, आधी तीस हजार आणि जीएसटीची पावती मागून ये, मग पुढचं बोलू.