टायरचा क्लेम आणि सोळा दिवस

टायर मधोमध झिजले होते. कडेच्या खाचा शाबूत, मधला पट्टा पार गोटा. गाडी जेमतेम २४,००० किलोमीटर चाललेली, तेव्हा वॉरंटीत बदलून मिळतील या खात्रीने मी इंदूरच्या एका टायरच्या दुकानात गेलो.

फॉर्म, बिल, फोटो पाच मिनिटांत झाले. मग तपासनीसाची वाट. पहिल्या मंगळवारी तो आलाच नाही, दुसऱ्या मंगळवारी मी पोहोचायच्या आत येऊन गेला. लोकमान्य नगरातून चार खेपा झाल्या. काउंटरवर दर वेळी तेच, "सर, प्रोसेस में है." सोळाव्या दिवशी कागद मिळाला, त्यावर एकच ओळ: हवा जास्त, क्लेम नामंजूर. नकार मी मान्य केला असता. पण मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, हे टायर बघताच सांगता येतं. त्यासाठी सोळा दिवस? पंक्चर काढणाऱ्या मुलाने ते मला उकिडवं बसून, खाचांवर बोट फिरवून दाखवलं. त्याचे मनापासून आभार.

जास्त हवेने टायर मधे फुगतो आणि रस्त्याला कमी टेकतो. चाकावर २५० किलो भार आणि हवेचा दाब ३३ पीएसआय (दर चौरस इंचाला ३३ पौंड) धरला, तर टेकणारी जागा शंभरेक चौरस सेंटिमीटर, तळहाताएवढी. पावसात भेरूघाट उतरताना ब्रेकची सगळी मदार त्या चार तळहातांवर असते!

हवेचा दाब मोजायला स्वतःचा गेज घ्याच. मी नेहमी जिथे हवा भरायचो, तिथलं यंत्र ३३ दाखवी तेव्हा माझ्या गेजवर ३९ यायचे. दुसऱ्या दोन पंपांशी मात्र गेज जुळला.

दुकानदार १८५ऐवजी १९५ मिलिमीटर रुंदीचे टायर घ्या, पकड वाढेल म्हणत होता. हवा तेवढीच ठेवली तर टेकणारी जागा फारशी वाढत नाही, रुंद होऊन आखूड होते. मी १८५/६५ आर१५च घेतले.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. तापलेल्या टायरचा आकडा चढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. आणि हो, टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर मिळतो.

नव्या टायरांचे ३,००० किलोमीटर झाले. काल खाचा मोजल्या, मधे आणि कडेला खोली सारखीच भरली.