बाबांचा खडक, आईचा माग आणि एडिनबरा

बाबांनी ३४ वर्षं नाशिकला कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. घरी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक पिवळी पडलेली झेरॉक्स होती, समुद्रकाठच्या कुठल्यातरी खडकाची, खालचे थर उभे आणि त्यांच्यावर दुसरे थर जवळजवळ आडवे. लहानपणी मला वाटायचं खालचा कागद वेगळा नि वरचा वेगळा चिकटवलाय. तो खडक म्हणजे स्कॉटलंडचा सिकर पॉइंट, एडिनबरापासून तासाभरावर. त्यामुळे आईबाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होणार म्हटल्यावर कुठे जायचं यावर चर्चाच झाली नाही. एडिनबरा. आणि ह्या वेळी हात आखडता घ्यायचा नाही, हॉटेल चांगलं, गाडी आपली, गाइड आपली, असं मी आणि दादाने फोनवरच ठरवून टाकलं.

मी इंग्लंडमध्ये राहते तरी सुरुवातीला एका ट्रॅव्हल कंपनीला विचारलं. त्यांचा 'प्रायव्हेट लक्झरी' प्लॅन आला त्यात दोन दिवस गोल्फ, एक दिवस व्हिस्की, आणि उरलेल्या वेळात किल्ला नि शॉपिंग. बाबा दारू घेत नाहीत, आईला गोल्फमध्ये रस नाही, पैसे मात्र भरपूर. दोनदा सांगूनही तोच प्लॅन थोडा बदलून परत आला, मग मी वही काढली आणि दोनच प्रश्न लिहिले, बाबांना काय बघायचंय आणि आईला काय बघायचंय. खर्च करायचा तो तिथे.

महिना मे निवडला. ऑगस्टमध्ये तिथे १९४७ पासून चालत आलेले फेस्टिव्हल आणि फ्रिंज असतात, शिवाय किल्ल्यावर मिलिटरी टॅटू म्हणजे लष्करी बँडचा मोठा कार्यक्रम, सगळं गाव नाटक-गाण्याने भरलेलं. तरुण असाल तर तेव्हाच जा खरं तर, पण रूमचे भाव आकाशाला भिडतात आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांना त्या गर्दीत चढ-उतार झेपत नाही. मेच्या शेवटी रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, ते फार सोयीचं पडतं. वारा मात्र कान बधिर करणारा, कानटोपी न्याच. अजून एक, २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांवर तिथे रूमच्या भाड्यावर ५ टक्के व्हिजिटर लेव्ही म्हणजे पर्यटक-कर आहे, सलग पहिल्या पाच रात्रींपुरती, बजेट करताना ती धरा.

लंडनहून फर्स्ट क्लासने गेलो, साडेचार तासांच्या आसपास. जाताना उजव्या बाजूच्या सीट घ्या, बेरिकच्या आधीपासून समुद्र दिसायला लागतो तो सोडवत नाही. हॉटेल बालमोरल, वेव्हर्ली स्टेशनच्या अगदी डोक्यावर, १९०२ सालचं. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. बाबांनी आपलं एचएमटी काढून ताडून बघितलं आणि "बरोब्बर तीन" म्हणून आईला दाखवलं, तेव्हाच मला वाटलं की पैसे वसूल.

गाइड मात्र फार शोधून घेतली. ब्लू बॅज म्हणजे रीतसर ट्रेनिंग झालेले गाइड असतात तिथे, त्यांच्यात भूशास्त्र शिकलेली एक बाई मिळाली. मी तिला आधीच लिहून कळवलेलं की राजेराण्या कमी सांगितल्या तरी चालतील पण जेम्स हटन, ज्याने आधुनिक भूशास्त्राचा पाया घातला, तो पूर्ण सांगा. हटन एडिनबराचाच, १७२६ चा जन्म. शेती करताना माती पावसाने वाहून जाते हे बघून त्याला वाटलं की ही माती समुद्रात साठून नवा खडक होत असणार, आणि तसं असेल तर पृथ्वीचं वय काही हजार वर्षं असूच शकत नाही. शहरातल्याच सॉल्सबरी क्रॅग्जच्या कड्यात त्याला दिसलं की वितळलेला खडक थरांमध्ये घुसलाय आणि त्याने थर उचकटलेत. कड्याला लागून जाणारी वाट २०१८ मध्ये दरड कोसळल्यापासून बंद होती, हे प्लॅनिंग करताना कळलं तेव्हा फार वाईट वाटलेलं. पण गाइडने आम्हाला हटनचं घर जिथे होतं तिथल्या छोट्या बागेत नेलं, तिथे ग्लेन टिल्ट नावाच्या दरीतून आणलेले ग्रॅनाइटच्या शिरांचे दगड ठेवलेत आणि समोर कडे दिसतात. शेजारचा आर्थर्स सीट डोंगर म्हणजे साधारण ३४ कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी. बाबा म्हणाले, "आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा, याच्यापुढे पोरगाच की."

आईचा दिवस डव्हकॉट स्टुडिओचा. जुन्या सार्वजनिक जलतरण तलावाच्या इमारतीत टॅपेस्ट्री म्हणजे मागावरची चित्रं विणतात आणि वरच्या गॅलरीतून विणकर काम करताना दिसतात (ठरावीक वेळेतच, आधी बघून जा). आईचं माहेर येवला, घरातच माग. ती कठड्याला टेकली आणि बोलायचीच थांबली. खाली एक मुलगी निळ्याच्या चार छटांच्या कांड्या बोटांत धरून एका बोटभर जागेत रंग भरत होती, एक रंग जिथे संपतो तिथे दुसरा गुंतवत. "अगं पैठणीचा पदर असाच भरतात, मोर असाच करतात," आई म्हणाली. मग गाइडला तिने मराठीतच हातवारे करून सगळं समजावलं, मी भाषांतर करायला गेले तर गाइड म्हणाली राहू दे, कळतंय मला. तासभर तिथेच होतो. ग्रुप टूरमध्ये दहा मिनिटं मिळाली असती.

जेवणाचं फार सांगत नाही, व्हेज हॅगिस मिळतं, डाळी नि ओट्सचं, आईला आवडलं.

शेवटच्या दिवशी सिकर पॉइंट. डनबारच्या पुढे, शहरापासून तासाभराचा रस्ता, मग शेताच्या कडेने चालत, पडक्या चॅपलवरून. खाली खडकापर्यंतचा गवताळ उतार खूप तीव्र आहे, बाबांना मी उतरू दिलं नाही आणि त्यांनीही हट्ट केला नाही. वरून स्वच्छ दिसतं. हटन १७८८ मध्ये इथे होडीने आला होता. खालचे करडे थर साधारण ४३ कोटी वर्षांपूर्वीचे, आधी आडवे साठले, मग उभे झाले, झिजले, आणि त्यांच्यावर तांबडा वालुकाश्म बसला तो कोट्यवधी वर्षांनंतर. बाबांनी वर्गात करायचे तसे दोन्ही हात पुढे केले, डाव्या हाताची बोटं उभी, उजवा तळवा त्यांच्यावर किंचित तिरका. "ह्या दोन हातांमध्ये जी फट आहे ना," ते म्हणाले आणि पुढे बोललेच नाहीत.

आईने थर्मासमधला चहा ओतला. जरा वेळाने बाबांनी विचारलं, "ड्रायव्हरला उशीर होत नाहीये ना गं?"

"नाही बाबा, गाडी दिवसभर आपलीच आहे."

मग ते गवतावर मांडी घालून बसले.