आईचा गाणारा किडा आणि यंदाचे गेम

१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार, रात्र

पावणेबारा झालेत. सेकंड शिफ्ट करून आलो, जेवलो, आता झोप यायला पाहिजे पण येत नाहीये कारण सकाळपासून डोक्यात एकच विषय चाललाय. सकाळी सव्वासहाचा अलार्म लावून उठलो होतो, व्हिडिओ गेमना बक्षिसं देणारा गेम अवॉर्ड्सचा शो आपल्याकडं साडेसहाला चालू होतो, थंडी मजबूत, मग चहा घेऊन ब्लँकेटमध्ये बसलो आणि लॅपटॉपवर शो लावला, मोबाईलवर धाकट्याचा कॉल. तो जर्मनीत, त्याच्याकडं रात्रीचे दोन. "दादा, बघालायस न्हवं?" एवढं विचारलं त्यानं आणि मग दोघंही गप्प, टॉकीजमध्ये शेजारी बसल्यासारखे.

एक्स्पिडिशन ३३ या गेमला गेम ऑफ द इयर मिळालं. एकट्या गेमला नऊ अवॉर्ड, आजवर एवढे कुणालाच मिळाले नव्हते. मी मोठ्यानं ओरडलो तर आई आतून पळत आली, काय झालं म्हणून.

का एवढा आनंद झाला ते लिहून ठेवतो. फ्रान्समधल्या माँपेलिए गावातली ही टीम, सँडफॉल नावाची, मूळची माणसं तीसेक, बाकीचं थोडं काम बाहेरून करून घेतलेलं. त्यांचा हा पहिलाच गेम. डायरेक्टर मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला. म्युझिक करणारा पोरगा आपल्या रचना ऑनलाइन टाकायचा, त्याआधी एकही गेम केलेला नव्हता. आणि मुख्य लेखिका जी आहे ती आली होती आवाज द्यायला, राहिली ती गोष्ट लिहायला! असं जमून आलेलं काम आहे ते, आणि खेळताना ते कळतं, कुठंच साच्यातून काढल्यासारखं वाटत नाही.

गोष्ट अशी की लुमिएर नावाचं मोडकं शहर आहे, पॅरिससारखं, आणि समुद्रापलीकडं एक प्रचंड दगडी खांब. त्याच्यावर एक चित्रकार बाई दरवर्षी एक आकडा रंगवते, आणि त्या वयाची सगळी माणसं पाकळ्या होऊन उडून जातात. दरवर्षी आकडा एकानं कमी. यंदा ३३. मग ज्यांच्याकडं आता एकच वर्ष उरलंय असली माणसं होडीतून त्या बाईला थांबवायला निघतात. त्यातला गुस्ताव्ह ३२ वर्षांचा. मी पण ३२ चा आहे, येत्या मार्चला ३३ पूर्ण. एप्रिलमध्ये पहिल्यांदा चालू केला तेव्हा सुरुवातीचा पाऊण तास, ती गळ्यात फुलांच्या माळा घातलेली माणसं, गुस्ताव्ह आणि सोफीचं ते बोलणं, नंतर बंदरावर जे होतं ते... मी गेम बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर सगळं लो सेटिंगला ठेवून खेळलो, केसांच्या कडा करवतीसारख्या दिसायच्या, पण काही फरक पडला नाही. फाइट आळीपाळीनं होते, म्हणजे आधी तुमची पाळी मग त्यांची, पण समोरच्याचा घाव अडवायचा असेल तर नेमक्या क्षणी बटण दाबायचं. हे मला बघून जमायचंच नाही, शेवटी कान देऊन ऐकायला लागलो, प्रत्येक राक्षसाच्या घावाला एक ताल आहे. तो सापडला की हात आपोआप चालतो.

पण मनातलं सांगायचं तर माझं मत सिल्कसाँगला होतं, म्हणजे हॉलो नाइट या गेमच्या पुढच्या भागाला.

सिल्कसाँगची वाट बघणं ही वेगळीच गोष्ट झाली होती आमच्या ग्रुपमध्ये. २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला तेव्हा मी नोकरीला नवीन लागलो होतो, बाबा होते, धाकटा इथंच होता आणि आम्ही दोघं एका कीबोर्डवर पहिला हॉलो नाइट आलटून पालटून खेळायचो, एक मेला की दुसरा. नंतर साडेसहा वर्षं. बाबा गेले, धाकटा गेला जर्मनीला, मी कंपनीच्या क्वालिटी खात्यात आलो. आणि यंदा ऑगस्टमध्ये अचानक सांगितलं, दोन आठवड्यांनी येतोय, ४ सप्टेंबर. आपल्याकडं संध्याकाळी साडेसात, म्हणजे ऐन मंडळाच्या आरतीची वेळ, अनंत चतुर्दशीला दोन दिवस राहिलेले. मी आरतीला उभा राहिलो, प्रसाद वाटला, घरी येऊन बघतो तर जगभरच्या माणसांनी एकदम उडी घेतल्यामुळं ऑनलाइन स्टोअरच बसलेलं. पेमेंट जाईना. रात्री कधीतरी झालं एकदाचं. वीस डॉलरचा गेम त्यांच्याकडं, आजकाल मोठे गेम सत्तर-ऐंशीला विकतात तिथं.

आणि तो बनवणारी माणसं किती, तर ऑस्ट्रेलियात ॲडलेडला मूळचे तिघं. म्युझिकवाला वेगळा, थोडी बाहेरची मदत. हा आधी नुसता पहिल्या गेमची पुरवणी होणार होता, वाढत वाढत स्वतंत्र गेम झाला. रिलीजच्या आधी त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं की काम अडकलं वगैरे काही नव्हतं, आम्हाला बनवायला मजा येत होती म्हणून वेळ लागला. हे वाचून काही लोक चिडले, मला मात्र लई बरं वाटलं. मजा येत होती म्हणून वेळ लागला, असं म्हणता येणारी माणसं किती असतील कुठल्याही धंद्यात?

अवघड आहे, ते मान्य. सुरुवातीपासूनच बरेच घाव दोन-दोन मुखवटे नेतात, मुखवटे म्हणजे आपला जीव, म्हणजे पाच मुखवट्यांच्या जिवावर तीन फटक्यांत खेळ खल्लास. लोक बोंबलले, मग पहिल्याच अपडेटमध्ये दोन बॉस, म्हणजे मोठे शत्रू, थोडे नरम केले. लास्ट जज नावाचा जो बॉस गडाच्या दारात उभा आहे त्यानं माझे आठ दिवस खाल्ले, मेलं की लांबून परत उड्या मारत यायचं, आणि शेवटी हरवला तरी मरता मरता फुटतो तो, पहिल्या वेळी मी तिथंच उभा, त्याच्याबरोबर मी पण गेलो. रडायची वेळ आली होती. तरी कंट्रोलर बाजूला ठेवला नाही.

कारण मला त्या वाटेवरून चालायचंच होतं. फारलूम नावाचं राज्य आहे आणि त्याच्या टोकाला गड, आणि सगळ्या राज्यातून लहानमोठे किडे त्या गडाकडं निघालेत, यात्रेला. वाटेत पडलेले आहेत, दमलेले आहेत, घंटा बांधलेल्या आहेत जागोजागी, पैसे म्हणजे जपमाळेचे मणी. काही ठिकाणी बाकावर टेकायचं तरी मणी मोजावे लागतात. बनवणारे ॲडलेडचे आहेत, त्यांच्या डोक्यात त्यांच्याकडची यात्रा असणार, पण मी कोल्हापूरचा, माझ्या आजोबांनी बावीस वाऱ्या केल्या, मला दुसरं काय दिसणार! शेर्मा म्हणून एक एवढुसा किडा भेटतो, हातात वाजवायचं काहीतरी, बंद दारापुढं उभा राहून गातोय, त्याची खात्री आहे की गाण्यानं दार उघडेल. आपण पलीकडून फिरून येतो आणि दार उघडतो. त्याला वाटतं, गाण्यानंच उघडलं.

आई मागं पलंगावर बसून बघत होती तेव्हा. "हे किडे कुठं चाललेत रे?" म्हटलं देवाला. "आणि हे गाणारं?" म्हटलं ते पण देवाला. गेमकडं तिनं वीस वर्षांत कधी ढुंकून बघितलं नव्हतं, बंद कर ते, एवढंच. त्या दिवशी ती अर्धा तास बसली.

आता जीटीए सिक्सचं. गेल्या महिन्यात ६ तारखेला परत ढकलला. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६. ग्रुपवर नुसता दंगा, शिव्या, मीम्स. मी पण या गेमचा वेडा आहे, यातलाच जुना व्हाइस सिटी मी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळलोय, चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असायचे, आणि पाचवा आला २०१३ ला, तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सिक्स त्याच व्हाइस सिटी शहरात आहे, तर परत तिथं जायचंय मला, त्यातल्या जेसन-लुसियाचे दोन्ही ट्रेलर पाठ आहेत. तरी मी ग्रुपवर लिहिलं की घेऊ दे वेळ. पोरांनी मलाच धरलं.

पण मी फाउंड्रीत काम करतो, मला हे रोज दिसतं. डिस्पॅचची घाई असली की कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, पुरतं थंड व्हायच्या आत मोल्ड, म्हणजे साचा, फोडतात, आणि मग क्रॅक. वरनं चकाचक दिसतं, पेंट मारून जातं पण, आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाकडनं परत येतं, तेव्हा शिव्या खायला आम्ही क्वालिटीवाले. लेटची शिवी एक महिना टिकते, क्रॅकची शिवी कायमची. गेमचं काही वेगळं नाही. मागं एक मोठा गेम मी प्री-ऑर्डर केला होता, नाव लिहीत नाही, पहिल्या दिवशी डाउनलोड केला तर माणसं जमिनीत अर्धी रुतलेली, चौथ्या तासाला सेव्हच उडालं. पैसे परत मागितले तर म्हणे दोन तासांपेक्षा जास्त खेळलात. त्यानंतर प्री-ऑर्डर बंद केलं, आणि तारीख पुढं गेली की मला आता राग येत नाही. राग येतो तो तयार नसताना विकल्याचा. त्या घाईत बनवणारी माणसं पण रात्र-रात्र जागतात, महिनोन्‌महिने, हे कुणी बोलत नाही. बाल्डर्स गेट थ्री हा गेम जवळजवळ तीन वर्षं अर्धवट अवस्थेत लोकांसमोर ठेवून, त्यांचं ऐकत ऐकत पुरा केला आणि २०२३ ला काय चीज निघाली. आज त्याच लोकांनी डिव्हिनिटी या पुढच्या गेमचा ट्रेलर दाखवला. तारीख नाही. बरं झालं.

पुण्याच्या पोरांचं पण लिहायलाच पाहिजे. नॉडिंग हेड्स या त्यांच्या टीमचा राजी हा गेम २०२० ला आला तेव्हा मी दोन संध्याकाळीत संपवला, राजस्थानी वाड्यांतून त्रिशूळ घेऊन पळणारी पोरगी, भावाला शोधतेय, मागं दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतायत, आणि मधले प्रसंग कळसूत्री बाहुल्यांच्या सावल्यांसारखे. शेवट फार अचानक आला, अजून हवं होतं, हीच एक तक्रार. गेल्या महिन्यात पुढच्या गेमचा, राजी: कलियुगचा, ट्रेलर आला आणि मी तो जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये तीन वेळा बघितला. लागेल तेवढा वेळ घ्या, मी थांबतो.

मार्चमध्ये स्प्लिट फिक्शन हा गेम पण झाला आमचा. एकानं विकत घ्यायचा, दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट, मी घेतला आणि धाकटा तिकडून. एका स्क्रीनचे दोन भाग, दोघांशिवाय गेम पुढं सरकतच नाही. शेवटच्या लेव्हलला ती मधली रेघच इकडून तिकडं फिरायला लागते, एकाचं जग दुसऱ्याच्या जगात घुसतं, तेव्हा धाकटा हेडफोनवर "दादा दादा दादा" एवढंच बोलत होता, दहा मिनिटं. २०२३ ला तो गेल्यापासून आम्ही एवढे एकत्र कधी बसलो नव्हतो.

आणि आज दुपारचं लिहायचं राहतच होतं. शिफ्टला जायच्या आधी तासभर होता म्हणून सिल्कसाँग लावला, आई शेजारी पावटा सोलत बसली. एकदम म्हणाली, "ते गाणारं पोचलं का रं वर?" तीन महिन्यांपूर्वीचं तिच्या लक्षात होतं. म्हटलं पोचलंय, थांब दाखवतो. गडात यात्रेकरूंची एक जागा आहे, तिथं घेऊन गेलो, शेर्मा होतं. आता हॉर्नेटकडं, म्हणजे आपण जिला चालवतो तिच्याकडं, सुई-तारेचं वाद्य आहे, ते बटण दाबून धरलं की ती वाजवते, आणि शेर्मा तिच्याबरोबर गायला लागतो. आईनं ताटली खाली ठेवली. दोन मिनिटांनी माझा अंगठा दुखायला लागला म्हणून सोडलं, तर म्हणाली, "राहू दे की जरा, वाजव."

मी वाजवत राहिलो, कंपनीची बस चुकली, मोटरसायकलनं गेलो.