मागून येणारी घरघर शेवटी सापडली (माझा अनुभव)

दिवाळीत विक्रोळीहून जुन्नरला जाताना मुरबाड सोडल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं, पन्नास ते सत्तरच्या मधे मागून एक घूंऽऽ असा आवाज, खाली गेलो की गायब. गाडी चौदा वर्षांची, डिझेल, पार्ट टाइम फोर बाय फोर, म्हणजे एरवी मागच्याच चाकांवर चालते आणि लिव्हर टाकला की पुढची जोडली जातात. या गाडीत माझा फार जीव आहे, त्यामुळे परत येईपर्यंत गाणी बंद ठेवून नुसता आवाजच ऐकत होतो.

पहिल्या गॅरेजने टायर सांगितले. पुढचे मागे, मागचे पुढे करून बघितलं, आवाज तसाच. दुसऱ्याने मागचं डावं व्हील बेअरिंग सांगितलं आणि ते बदललंही, मजुरी धरून साडेचार हजार गेले, आवाज होता तिथेच. दोघांनीही गाडी गल्लीतल्या गल्लीत वीसच्या स्पीडने फिरवली होती आणि माझा आवाज पन्नासच्या पुढचा, हे मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

मग ठरवलं आधी आवाज नीट ओळखायचा आणि मगच पाना लावू द्यायचा. रविवारी पहाटे मेव्हण्याला मागच्या सीटवर बसवलं, त्याच्या हातात मोबाईल रेकॉर्डिंगला, आणि ईस्टर्न फ्रीवेला गेलो. तिथे सिग्नल नाहीत, एकसारखा स्पीड धरता येतो, आणि आणिकजवळच्या बोगद्यात काच खाली केली की भिंतीवरून आवाज परत येतो, खूपच स्पष्ट. तीन गोष्टी बघितल्या. रस्ता बदलला, डांबरावरून काँक्रीटवर आलो तरी आवाज तोच, म्हणजे टायर नाही. वळणावर वजन बाहेरच्या चाकावर जातं, बेअरिंग गेलं असेल तर एका बाजूच्या वळणाला घरघर वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते, इथे काहीच फरक नाही. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, अॅक्सलरेटर दाबला की आवाज जाड, पाय काढला की पातळ आणि खरखरीत, न्यूट्रलला सोडली की बराच हलका. व्हील बेअरिंगला अॅक्सलरेटरशी देणंघेणं नसतं, हे डिफरन्शियलकडे (मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा गोळा, जो इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटतो) बोट होतं. शिवाय आवाजाची पट्टी वरची होती, माझ्या गाडीत चाक एकदा फिरतं तेव्हा पिनियन (डिफरन्शियलमधला छोटा गिअर, शाफ्ट ज्याला फिरवतो) साधारण चारदा फिरतो, त्यामुळे पिनियनचं बेअरिंग वरच्या पट्टीत ओरडतं. प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणारा दांडा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेला असता तर गिअर टाकताना ठक् झालं असतं, ते नव्हतं.

ओळखीतून कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री मिळाले. रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं त्यांनी, मग एकच विचारलं, "पावसात पाण्यातून काढली होती का हो गाडी?" आणि मला एकदम आठवलं, जुलैमधे नाशिकहून येत होतो, कुर्ल्याला एलबीएस रोडवर कमानीजवळ गुडघाभर पाणी, अर्धा तास अडकलेलो.

गाडी मागून उचलली, एक्सलखाली स्टँड, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, टू व्हीलमधेच ठेवून तिसऱ्या गिअरला हळू चालवली आणि त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक एक्सलच्या हाऊसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, टेकवलं. चाकांकडे शांत. शाफ्ट जिथे जोडलाय त्याच्या मागे, पिनियनच्या जागी, खरखर खरखर. मलाही ऐकवलं. (जॅकवर नुसती उचलून हे कधीच करू नका, जीवावर बेतेल.)

मग ऑइल काढलं आणि दूध घातलेल्या चहासारखं बाहेर आलं. गिअर ऑइल मधासारखं दिसायला हवं. प्लगच्या मॅग्नेटवर काळा लेप होता, तो थोडा असतोच, पण यात बोटाला टोचणारे चकचकीत कण होते. मिस्त्रींनी समजावलं ते असं, हायवेवरून आलेला एक्सल तापलेला असतो, थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढते, त्यासाठी वर ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची छोटी वाट) असतो, माझा चिखलाने बंद, मग सीलमधून पाणीच आत खेचलं गेलं. चार महिने पिनियनचं बेअरिंग त्या पाण्यात गंजत होतं.

क्राऊन पिनियन (पिनियन आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर, ही जोडी) वाचला हे नशीब. दोन्ही पिनियन बेअरिंग, सील, नवीन क्रश स्लीव्ह (दोन बेअरिंगच्या मधली दाबली जाणारी नळी) आणि नवीन नट, सगळं तिथेच आसपास मिळालं. स्लीव्हचं काम बघण्यासारखं होतं, नट आवळत आवळत ती दाबली जाते, थोडी जास्त दाबली गेली तर मागे येता येत नाही, नवीनच घालावी लागते, म्हणून ते दर थोड्या आवळण्यानंतर पिनियन फिरवून किती जड जातोय ते मोजत होते. शेवटी डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि दातांना रंग लावून घासणीची खूण बघितली. ऐंशी डब्ल्यू नव्वद, जीएल फाइव्ह ग्रेडचं गिअर ऑइल भरलं, आणि उरलंसुरलं पाणी निघावं म्हणून ५०० किलोमीटरवर परत बदललं. ब्रीदरला लांब नळी जोडून ती वर डिझेलच्या झाकणाजवळ नेलीये.

आता ऐंशीला पाय काढला की एक बारीक सूर येतो. मिस्त्री म्हणाले दात आता नव्या जागी घासतायत, तेवढा राहणार. दर महिन्याला त्याच बोगद्यात काच खाली करून ऐकतो, अजून वाढलेला नाहीये.